आर्क्टिकमधील विद्यार्थ्यांची शीडमोहीम: तिथे खरोखर काय अभ्यासले जाते?

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी सांगलीतील एका महाविद्यालयात भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. युरोपातील एक संस्था पुढच्या उन्हाळ्यात शिडाच्या जहाजातून निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांना नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांभोवती नेणार आहे. बदलत्या आर्क्टिकचा अभ्यास हा त्या मोहिमेचा उद्देश असून मुलीची प्राथमिक निवड झाली आहे. खर्चाचा निम्मा भाग संस्था उचलणार आहे आणि उरलेल्या निम्म्यासाठी आम्हाला ठेव मोडावी लागेल. त्याला आमची ना नाही, परंतु त्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात असे वाटते.

पहिली शंका अशी की, एवढ्या थोड्या मुक्कामात, समुद्राची सवय नसलेली मुले, मोठ्या संशोधन जहाजांवरची यंत्रे हाताशी नसताना, पुढे कोणाच्या उपयोगी पडेल असे काही मोजू शकतात का, की हिमनद्या आणि अस्वले पाहून येण्यालाच अभ्यास म्हटले जाते? माहितीपत्रकात पाण्याचे तापमान, क्षारता, पारदर्शकता आणि प्लवक (पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव) यांच्या नोंदी घेणार असे लिहिले आहे. उपग्रह रोज सगळे आर्क्टिक टिपत असताना या नोंदींनी काय साधते, हे मात्र त्यातून कळत नाही. दुसरी शंका जहाजाची आहे. आमच्या घरातले कोणी कधी समुद्रावर गेलेले नाही. शिडाच्या जहाजावर मुलांना कोणती कामे करावी लागतात आणि धोका कितपत असतो? तिसरा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात: सांगलीच्या मुलीने आर्क्टिक पाहून येऊन इथे करायचे काय? हा प्रश्न मला उडवून लावण्यासारखा वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सागरवेध (मूळ मिरज, सध्या गोवा)

ताई, मी समुद्रविज्ञानात काम करतो आणि स्वालबार्डच्या परिसरातील नोंदींशी माझा कामानिमित्त संबंध आलेला आहे, म्हणून तुमच्या पहिल्या शंकेविषयी लिहितो.

उपग्रहांचे महत्त्व निर्विवाद आहे. १९७९ पासूनची सागरी बर्फाची अखंड नोंद त्यांच्यामुळेच आपल्यापाशी आहे. सप्टेंबर महिन्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी, हा बर्फ सर्वांत कमी असतो. १९८० च्या दशकात त्या वेळीही साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे, तो २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ३४ लाखांवर आला आणि आजवरचा तोच नीचांक आहे. बर्फ गेला की खालचे काळे पाणी उघडे पडते. बर्फ सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग परतवतो, पाणी मात्र जवळजवळ सगळा शोषून घेते, आणि त्या उष्णतेने पुढचा बर्फ आणखी लवकर वितळतो. १९७९ पासून आर्क्टिक संपूर्ण जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापले आहे, असा निष्कर्ष फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. त्यामागच्या कारणांत हे चक्र प्रमुख आहे.

परंतु उपग्रहाला पाण्याच्या पोटातले दिसत नाही. समुद्राचा रंग पाहून त्यातील सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज बांधणारे उपग्रह ढगांतून पाहू शकत नाहीत, आणि आर्क्टिकचा उन्हाळा तर ढगांचाच असतो. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराचे तुलनेने उबदार आणि खारट पाणी येते. ते फियोर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीत, कधी शिरते, किती खोलवर शिरते आणि हिमनदीच्या पाण्याखालच्या तोंडापर्यंत पोहोचते का, हे पाण्यात यंत्र सोडल्याशिवाय कळत नाही. आपल्या देशानेही हेच केले आहे. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंद या वस्तीत २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे, आणि २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफियोर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही नांगरलेली वेधशाळा बसवली गेली. हाच फियोर्ड पूर्वी हिवाळ्यात बऱ्यापैकी गोठत असे. २००६ नंतर तसे गोठणे विरळ झाले आहे.

अशी वेधशाळा एका जागी बसते. तिच्या आजूबाजूचे इतर अनेक फियोर्ड, त्यांची तोंडे, हिमनद्यांच्या समोरचे गढूळ पट्टे यांच्या नोंदी अगदी तुटपुंज्या आहेत. लहान जहाज तिथे जाऊ शकते, आणि हीच विद्यार्थ्यांच्या मोहिमेची खरी जागा आहे. एकाच उन्हाळ्यातील एकट्या नोंदीला फार अर्थ नसतो, तेवढ्यापुरती तुमची शंका रास्त आहे. तीच नोंद दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने होत असेल, तर तिची किंमत वर्षागणिक वाढत जाते.

याची दोन उदाहरणे देतो. नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि १८९६ पर्यंत ते बर्फाबरोबर वाहत राहिले. थंड पृष्ठभागाखाली अटलांटिकच्या उबदार पाण्याचा थर आहे, हे त्यांच्या मोजणीतून सिद्ध झाले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे कललेला वाहतो, ही त्यांची नोंद तर पुढे स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमन यांच्या सागरी प्रवाहांच्या सिद्धांताला कारणीभूत ठरली. त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००६ ते २००८ या काळात, 'तारा' ही फ्रेंच शिडाची नौका अशाच रीतीने बर्फाबरोबर वाहिली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर, दीड वर्षाच्या आत, बाहेर पडली. बर्फ पातळ झाला असून अधिक वेगाने सरकतो आहे, हे त्यातून समोर आले. नान्सेन यांनी नोंदी व्यवस्थित ठेवल्या नसत्या, तर 'तारा'च्या वेगाची तुलना कशाशी करणार होतो?

आता मुलगी प्रत्यक्ष काय करील, तेही सांगतो. पारदर्शकता मोजण्यासाठी सेकी तबकडी वापरतात. तीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, खाली वजन, वर मीटर-मीटरवर खुणा केलेला दोर, एवढेच हे साधन असून ते १८६५ पासून वापरात आहे. जहाजाच्या सावलीकडील बाजूने ती हळूहळू सोडायची, दिसेनाशी होते तिथली खोली टिपायची, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागते तिथली खोली टिपायची आणि दोहोंची सरासरी घ्यायची. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात वाऱ्याने जहाज सरकत असते, दोर तिरपा होतो, आणि तिरप्या दोरावरचा आकडा खऱ्या खोलीपेक्षा मोठा येतो. तो तिरपेपणा, ढग, लाटा, वेळ, अक्षांश, रेखांश आणि पाहणाऱ्याचे नाव, एवढे सगळे ओल्या बोटांनी वहीत उतरले तरच ती नोंद पुढच्या माणसाला वापरता येते.

प्लवकांचे काम मला विशेष प्रिय आहे, त्याविषयी थोडे अधिक लिहितो. बारीक जाळी ओढून जे हाती येते, त्यात कॅलानस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव असतात. थंड पाण्यातल्या जाती मोठ्या आणि चरबीने भरलेल्या असतात, तर अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारी जात लहान आणि कमी चरबीची असते. लिटल ऑक हा छोटा समुद्रपक्षी आपल्या पिलांना चरबीवाले कॅलानस भरवतो. बरणीतील लहान जातीचे प्रमाण वाढत गेले, तर त्या पक्ष्याला तेवढ्याच पोषणासाठी अधिक फेऱ्या माराव्या लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन जीव शेजारी शेजारी पाहिल्यावर समुद्र बदलतो आहे म्हणजे नेमके काय होते आहे, ते मुलांना ज्या रीतीने उमगते, तसे ते कोणत्याही आलेखाने उमगत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, पैसे भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारा: मागील मोहिमांच्या नोंदी कोठे जमा आहेत, त्या इतर संशोधकांना खुल्या आहेत का, आणि यंदा कोणत्या जुन्या ठिकाणी पुन्हा मोजणी होणार आहे? उत्तर नेमके आले तर मुलीला निःशंकपणे पाठवा. गोलमोल आले तर ती सहल आहे असे समजा, आणि सहलीसाठी ठेव मोडायची का, ते मग तुमचे तुम्ही ठरवा.

वासोटा (सातारा)

मी नौदलातून निवृत्त झालो असून शिडाच्या जहाजावर प्रशिक्षण घेतलेले आहे. जहाजाविषयीच्या शंकेला उत्तर देतो.

आपल्या नौदलाचे 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज गोव्यात बांधले गेले आणि १९९७ मध्ये सेवेत आले. उपग्रहाच्या युगात शिडाचे जहाज कशाला, असा प्रश्न लोक तेव्हाही विचारत. वारा, लाट आणि प्रवाह वाचल्याखेरीज शिडाचे जहाज हलत नाही, म्हणून त्यावर शिकलेला माणूस समुद्राकडे सतत लक्ष देऊन पाहायला शिकतो. अभ्यासाला गेलेल्या मुलांसाठीही हे तितकेच खरे आहे. मात्र फियोर्डच्या आत वारा बेभरवशाचा असतो आणि बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढताना इंजिनच लावावे लागते, हेही जाणून असावे.

जहाजावर पाहुणा म्हणून कोणी राहत नाही. पाळ्या लागतात; बहुधा चार तास काम आणि आठ तास सुटी असा क्रम असतो. पाळीवर असताना सुकाणू धरणे, पुढे उभे राहून बर्फावर नजर ठेवणे, दोर ओढणे व गुंडाळणे, स्वयंपाकघरात मदत करणे आणि तासातासाला हवेची नोंद करणे ही कामे येतात. साधारण २० एप्रिलपासून २० ऑगस्टनंतरपर्यंत लाँगइयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावी, सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मध्यरात्रीच्या पाळीतही लख्ख उजेड असतो. झोपेचे वेळापत्रक कोलमडते आणि थकलेल्या माणसाकडून हयगय होते, म्हणून आपली पाळी संपली की पडदा ओढून झोपायचे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते. बोट लागण्याची धास्ती घेऊ नये. बहुतेकांना ती लागते आणि बहुतेकांची दोन-तीन दिवसांत उतरते. डेकवर मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे पाहत काहीतरी काम करत राहणे आणि पोट रिकामे न ठेवणे, हे गोळीइतकेच उपयोगी पडते.

खरा धोका थंड पाण्याचा आहे. शून्याजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच निकामी होतात. उत्तम पोहणाराही तिथे फार वेळ टिकत नाही. त्यामुळे सुरक्षापट्टा अडकवल्याशिवाय डेकवर न जाण्याचा नियम असेल तेव्हा तो पाळायचाच, मग समुद्र कितीही शांत दिसो. हिमनदीचा कडा कोसळला की मोठी लाट उठते आणि तरंगता हिमनग पूर्वसूचना न देता उलटू शकतो. चांगला कप्तान या दोन्हींपासून अंतर राखतो, आणि कोणाला छायाचित्र हवे म्हणून ते कमी करत नाही. किनाऱ्यावर उतरताना अस्वलांमुळे बंदूकधारी वाटाड्या बरोबर असतो. २०२५ पासून नॉर्वेने अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवणे बंधनकारक केले आहे; संस्था हे नियम मुलांना आधी समजावते का, ते विचारून घ्या.

मुलगी म्हणून वेगळी काळजी करण्याचे कारण मला दिसत नाही. 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०२४-२५ मध्ये तर दोघींनीच ती नौका जगाभोवती फिरवून आणली. मात्र झोपण्याची व्यवस्था, जहाजावर डॉक्टर आहे की केवळ प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, आणि कोणी आजारी पडल्यास हेलिकॉप्टर व विम्याची काय सोय आहे, हे प्रश्न जरूर विचारावेत. मुलगी पोहते का? पोहत नसेल तर निघेपर्यंत रोज पोहायला घाला, आणि दोराच्या चार गाठी इथेच हात बसेपर्यंत शिकवा.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. प्रश्नांचे पत्र मुलीनेच लिहून संस्थेला पाठवले आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळलेले नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होते. आर्क्टिकचा बर्फ वितळल्यामुळे असे पूर येतात, असे मुलगी घरच्यांना सांगते. हे कितपत खरे आहे?

भूगोलवर्ग (सांगली)

मी सांगलीतच भूगोल शिकवतो. ताई, मुलीची कळकळ मला समजते. परंतु ती जे सांगते ते इतक्या सरळ शब्दांत सांगता येणार नाही, आणि अभ्यासाला निघालेल्या मुलीने तरी ते तसे सांगू नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. त्या पुरामागे सह्याद्रीच्या माथ्यावर थोड्या दिवसांत झालेला प्रचंड पाऊस, कोयना-वारणेतून आलेले पाणी, धरणांतील साठा व विसर्गाची वेळ, आणि नदीच्या पूररेषेत झालेली बांधकामे अशी जवळची कारणे आहेत व त्यांच्यावर तज्ज्ञांची चर्चा अजून चालू आहे. आर्क्टिकचा बर्फ आणि आपला मान्सून यांच्यात संबंध असावा का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यातील संभाव्य दुवा मांडला आहे. तो मध्य भारताविषयी आणि सप्टेंबरविषयी आहे. त्यावरून सांगलीच्या ऑगस्टमधील पुराचे खापर आर्क्टिकवर फोडता येत नाही. तापलेल्या हवेत अधिक बाष्प मावते आणि त्यामुळे मोठ्या पावसाची शक्यता वाढते, ही गोष्ट मात्र पक्की आहे, आणि ती आर्क्टिकलाही लागू आहे व आपल्यालाही.

आणखी एक गोष्ट तिला विचारा, कारण पदवीच्या मुलांचाही इथे घोटाळा होतो. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचा, म्हणजे ग्रीनलंडचा आणि हिमनद्यांचा, बर्फ वितळल्याने वाढते. ग्रीनलंडवर जगातील समुद्र सुमारे ७ मीटरने वाढवील एवढा बर्फ आहे. हा फरक तिला घरातील वडीलधाऱ्यांना समजावता आला, तर त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

उरलेले अर्धे उत्तर कृष्णेवर आहे. माझी सूचना अशी की, तिने जाण्याआधीच इथे मोजणी सुरू करावी. पावसाळा ओसरला की हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, दर आठवड्याला त्याच वारी व त्याच वेळी, नावाड्याला सोबत घेऊन तबकडी सोडावी, पाण्याचे तापमान घ्यावे आणि आयर्विन पुलाची त्या दिवशीची पातळी शेजारी लिहावी. तबकडी ताटाच्या आकाराच्या पत्र्यापासून घरी करता येते. नदीच्या पाण्यात ती फार लवकर दिसेनाशी होईल आणि आकडे कंटाळवाणे वाटतील. तरीही वहीत एकही आठवडा रिकामा राहू देऊ नये. इथे हात बसला की तिथे थंडीत गोंधळ होणार नाही. परत आल्यावर ही नोंद पुढच्या वर्गाकडे सोपवावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना मी तिच्याबरोबर द्यायला तयार आहे. नदीच्या गाळाची आणि पारदर्शकतेची अशी सलग नोंद आमच्या विभागालाही हवीच आहे.

सागरवेध (मूळ मिरज, सध्या गोवा)

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. व्यवहारातील दोन गोष्टी राहून गेल्या, त्या लिहितो. स्वालबार्डला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, कारण तो भाग शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात, येत नाही. परंतु तिथे नॉर्वेमार्गेच जावे लागते आणि परतताना पुन्हा नॉर्वेत शिरावे लागते. त्यामुळे शेंगेन व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा असावा. एकदाच प्रवेश असलेला व्हिसा हाती आला तर परतीच्या वाटेवर अडचण होते. दुसरे असे की, जहाज न्यू-ओलेसुंदला थांबणार असेल तर तिथल्या संवेदनशील वेधयंत्रांसाठी फोनचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. त्या भागात मुलीचा फोन आला नाही तर घरच्यांनी घाबरू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

संस्थेचे उत्तर आले आहे, ते सर्वांच्या माहितीसाठी देते. तापमान, क्षारता आणि सेकी तबकडीच्या नोंदी दर मोहिमेनंतर खुल्या संग्रहात जमा होतात. त्यांनी मागील ठिकाणांची यादीही अक्षांश-रेखांशांसह पाठवली आहे आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी यंदा पुन्हा मोजणी होणार आहे. प्लवकांच्या बाबतीत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की, नमुने जहाजावर पाहिले जातात, परंतु जातींची ओळख पटवून त्यांची मोजदाद करायला माणूस नसल्याने त्या नोंदी अपुऱ्या राहतात. कप्तान, विमा, अस्वलांविषयीचे नियम आणि वैद्यकीय सोय यांची उत्तरेही समाधानकारक आहेत.

सागरवेध, कॅलानसच्या जाती ओळखण्याचे शिक्षण निघण्यापूर्वी गोव्यात कोठे घेता येईल का, असे मुलगी विचारते आहे. सुटीत येऊन राहण्याची तिची तयारी आहे. पोहण्याचा वर्ग तिने लावला आहे, आणि येत्या रविवारी भूगोलवर्ग यांच्या विद्यार्थ्यांसोबत ती हरिपूरला जाणार आहे.

सागरवेध (मूळ मिरज, सध्या गोवा)

अवश्य येऊ द्या. अरबी समुद्रातील जाती वेगळ्या असल्या तरी अवयव पाहून जात ओळखण्याची पद्धत तीच आहे, आणि कॅलानसच्या बाबतीत मुख्यतः शरीराच्या पुढच्या भागाची लांबी मोजावी लागते. लांबीवरून निघालेली ओळख दर वेळी अचूक नसते, म्हणून नुसती जात न लिहिता मोजलेली लांबीही लिहायची, हे तिला आधीच सांगून ठेवा. तारखा मला वैयक्तिक संदेशाने कळवाव्यात. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांशी बोलून सूक्ष्मदर्शक मोकळा असेल ते दिवस मी पाहून ठेवतो.